मूठ बंद करा, दहा मोजा

नांदेड, ११ ऑगस्ट

दिपाली,
सप्रेम जयभीम.

तू म्हणलीस, फोनवर भांडू नका, काय बोलायचं ते लिहून पाठवा, लिहिताना माणसाला शिव्या सुचत नाहीत. घे मग. कागद आणला, पेन आणला. शिव्या सगळ्या सुचून राहिल्यात, पण पत्र लुंबिनीच्या हाती पडलं तर काय, म्हणून गिळून राहिलो.

आधी धंद्याचं. काल नायगावच्या बाजारात माझी फजिती झाली. नेहमीसारखी चादर टाकली, पुडे मांडले. सगळ्यांवर तुझं नाव, दिपाली वॉशिंग पावडर, खाली तुझाच नंबर. बाया जमल्या. मी सुरू केलं, या मावशी, तळहात ओला करा, चिमूटभर पावडर घ्या, मूठ बंद करा, दहा मोजा. सात वर्षं हेच करून राहिलो. आठपर्यंत बाई पोहोचली की डोळे मोठे करते, अगं बया, गरम लागतंय, आणि पुडा उचलते. काल एका बाईनं दहा मोजले, पंधरा मोजले, मूठ उघडली आणि म्हणली, भाऊ, ही तर गार लागून राहिली. आख्खा बाजार हसला. शेजारी वाती विकणारी शांतम्मा तर पदर तोंडाला लावून हसली. तिचं मला वाईट वाटत नाही, ती मला तम्मा म्हणते, तिच्या कानडीत म्हणजे धाकला भाऊ. पण बाकीच्यांनी हसावं?

आता खरं सांग, जाताना काय ठेवून घेतलंस? तू करायचीस तसंच मी केलं. धुण्याचा सोडा, फेसाची स्लरी, निळा रंग, सेंट. सगळं वजनानं. सोड्याचं पोतं मोरीपाशी ठेवलं होतं, ते खालून ओलं झालं आणि त्याचे खडे झाले, हे कबूल. पण खडे मी मुसळानं फोडले, चाळणीतून काढले. पीठ झालं मैद्यासारखं. तरी गार.

तू जूनमध्ये लुंबिनीला घेऊन लातूरला गेलीस तेव्हा ठरलं होतं, तू पोरीचा डबा करशील, ती अकरावी-बारावी करेल, पावडर मी बघेन. मी बघूनच राहिलो. पण लुंबिनी फोनवर सांगते की मम्मीनं तिथंपण घमेलं मांडलंय, शेजारच्या खोल्यांतल्या आया मम्मीची पावडर नेतात, आणि वरच्या मजल्यावरचे बालाजी सर मम्मीला मदत करतात. सर असं म्हणले, सर तसं म्हणले. हा सर केमिस्ट्री लुंबिनीला शिकवतो ना? मग तुझ्या घमेल्यात त्याचं काय सांडलंय?

घरी सगळं बरं आहे. मला भाजी करता येते. 

आनंदराज


नांदेड, २६ ऑगस्ट

दिपाली,
जयभीम.

तुझं चार पानी पत्र मिळालं. साडेतीन पानं सोड्याची आणि अर्धं पान माझं. माझ्या अर्ध्या पानातही निम्मं 'गॅसचं बटण नीट बंद करत जा' यातच गेलं. आणि साडेतीनातली दोन पानं दुसऱ्याच्या अक्षरात. सुंदर अक्षर आहे. मोत्याचे दाणे. मला अशी माणसं आवडत नाहीत.

वाचलं मी. दहादा वाचलं, कुठं चुकतोय ते शोधायला. सापडलं नाही. कोरडा सोडा तहानलेला असतो, असं लिहिलंय त्या सरानं. पाणी मिळालं की तो पाण्याला घट्ट धरतो, आणि त्या धरण्यात ऊब सुटते, तीच बाईच्या मुठीत लागते. माझ्या सोड्यानं मोरीचं पाणी आधीच पिऊन खडे धरले होते. असा पोट भरलेला सोडा पाण्यात विरघळायला लागला की आजूबाजूचीच ऊब ओढून घेतो, म्हणून हात गार. मुसळानं कुटला काय आणि मैद्यासारखा चाळला काय, आतलं पाणी आतच. हे मला पटलं. शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर मी दहावीला शास्त्रात नापास झालो नसतो.

पण शेवटी त्यानं जे लिहिलंय ते लई झोंबलं. म्हणे, हाताला गरम लागणं ही सोडा कोरडा असल्याची खूण, कपड्याचा मळ किती निघेल याचा त्यावरून अंदाज बांधू नये. म्हणजे सात वर्षं मी बाजारात जे करून राहिलो ते सगळं पोरखेळ. एका ओळीत माझी इज्जत काढली, तीही सुंदर अक्षरात.

आणि तू. तू सोडा कढईत रव्यासारखा भाजून घ्यायचीस आणि सगळ्यात शेवटी मूठमूठ मिसळायचीस, हे मला आत्ता कळून राहिलं. एका घरात राहून मला माहीत नाही आणि दोन महिन्यांत त्या माणसाला माहीत. तू लिहिलंस, तुम्ही कधी विचारलंच नाही. हाव, नाही विचारलं. बायकोला काय प्रश्नपत्रिका काढून विचारायचं असतं?

मीपण भाजला सोडा. धूळ नाकात गेली, दिवसभर शिंकलो, निम्मा चुलीवर सांडला. तेव्हा आता असं कर, तुझ्या हातची दहा किलो पावडर करून एसटीनं पाठव. लाचार होऊन मागतोय असं समजू नको. बाजार मोडायला नको म्हणून.

लुंबिनीला सांग, पप्पांनी पत्र लिहिलं. काय लिहिलं ते सांगू नको.

आनंदराज


नांदेड, १८ सप्टेंबर

दिपाली,
जयभीम.

पार्सल मिळालं. नमुन्याच्या डब्यात तुझीच पावडर भरली, तोच तो तुझ्या नावाचा पत्र्याचा डबा, आणि नायगावला गेलो. बायांनी मूठ बंद केली आणि पाचालाच बोंब, गरम, गरम. सगळे पुडे गेले. मी खूश व्हायला पाहिजे होतं.

एक म्हणली, वहिनी आल्या का परत? दुसरी म्हणली, वहिनीच्या हातची दिसते, मागली तुम्ही केली होती काय? शांतम्मा म्हणली, तम्मा, तुझ्या बाईच्या हातात गुण हाय, तू नुसती तोंडाची वाफ दवडतो. सगळ्यांसमोर. पावडर विकतो मी, उन्हात बसतो मी, घसा कोरडा करतो मी, आणि गुण तुझ्या हातात.

आता जे लिहिणार नव्हतो ते लिहितो. मागल्या रविवारी मी लातूरला आलो होतो. स्लरीच्या व्यापाऱ्याकडं काम होतं. काम नव्हतं. शेंगदाण्याचे लाडू आणले होते लुंबिनीसाठी. तुमच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे ना, तिथपर्यंत आलो आणि थांबलो.

तू ओट्यावर बसली होतीस. पुढं घमेलं, पेला. तो उभा. शर्ट खोचलेला, बाहीला खडूची धूळ, खिशात थर्मामीटर. पेल्यात पाणी घेऊन तू सोडा टाकलास, त्यानं थर्मामीटर बुडवून तुला दाखवलं, काहीतरी अठ्ठावीस आणि बेचाळीस असं म्हणला, तू हसलीस. एवढं ठीक होतं. एवढं मी सोसलं असतं. मग त्यानं हात पुढं केला. तू त्याच्या तळहातावर चिमूट सोडलीस, बोटं पाण्यात बुडवून वरून थेंब झटकलेस आणि म्हणलीस, मूठ बंद करा, दहा मोजा.

ते माझं आहे, दिपाली. थर्मामीटर त्याचा असू दे, अक्षर त्याचं असू दे, केमिस्ट्री त्याच्या बापाची असू दे. मूठ बंद करा, दहा मोजा, हे मी काढलं. पहिल्यांदा तुझ्यावर करून बघितलं, आपण भोकरला खोलीत राहत होतो तेव्हा, धंदा सुरू केला त्या वर्षी. तू त्या माणसाला ते देऊन टाकलंस, हसत.

मी तिथूनच परत फिरलो. लाडू बसमध्ये मीच खाल्ले, सगळे.

मी संशय घेऊन राहिलो असं तू म्हणशील. संशय नाही. तू तसली नाहीस हे मला कुणी सांगायला नको. पण मत्सर वाटतो, आता मोकळेपणानं लिहितो. तू त्याच्याकडं बघत होतीस तसं माझ्याकडं कधी बघितलं नाहीस असं नाही, बघितलं आहेस, पण ते लई वर्षांपूर्वी.

आनंदराज


नांदेड, ६ ऑक्टोबर

दिपाली,

हे पत्र बसून वाच.

काल नायगावच्या बाजारात तुझ्या पावडरीनं शांतम्माचा हात पोळला. उजवा तळहात. कातडी निघाली. मी तिला तसंच ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं नळाखाली अर्धा तास हात धरायला लावला, मग पट्टी बांधली. म्हणला, भाजण्यासारखीच जखम आहे, आत गेली आहे, महिनाभर हातानं काही करायचं नाही. वाती हातावर वळायच्या असतात. आता ती महिनाभर काय करणार, तू सांग.

झालं असं की नेहमीसारखंच केलं. गर्दी होती. शांतम्मा आपली मजेत म्हणली, आण रे तम्मा, मला दे आज, बघू तरी. मी तिला नमुन्याच्या डब्यातली चिमूट दिली. डबा तुझ्याच पार्सलमधून भरला होता. मी त्यात काही केलं नाही. मी त्याला हातसुद्धा लावला नाही, फक्त भरला. तिनं मूठ बंद केली. उघडली तेव्हा हात बुळबुळीत झाला होता, आणि मग लाल, आणि मग ती ओरडली.

बायांनी पुडे परत केले. पुड्यावर नाव कुणाचं आहे ते सगळ्यांनी वाचलं. उद्या तुझा फोन वाजला तर घाबरू नको, पण वाजेल.

मला वाटतं तुझ्या हातून काहीतरी जास्त पडलं. दोघं मिळून पेल्यात थर्मामीटर घालून खेळता, तिथंच काहीतरी चुकलं असेल. विचार त्या सराला, असलं कसं शिकवलं म्हणावं. सुंदर अक्षरात लिहून दे म्हणावं.

माझं ऐक, बंद कर ते सगळं. लुंबिनीला हॉस्टेलमध्ये ठेवू आणि तू घरी ये.

आनंदराज


नांदेड, १६ ऑक्टोबर

दिपाली,
जयभीम.

तुझं पत्र आलं. मला वाटलं होतं तू भांडशील. चार पानं लिहिशील, तुम्हीच काहीतरी केलं असेल म्हणशील, मग मीपण चार पानं लिहीन. तू पाच ओळी लिहिल्यास. 'माझाच हात चुकला असेल. कुठं चुकला ते कळत नाही. शांतम्मांच्या पाया पडून माझ्या वतीनं माफी मागा.' एवढंच.

लुंबिनीनं फोनवर बाकीचं सांगितलं. मुलींच्या हॉस्टेलच्या शिवकांता मॅडमनी वर्षभराचं काम तुला द्यायचं ठरवलं होतं, दर महिन्याला ऐंशी किलो, हे तू मला का सांगितलं नाहीस? मला सांगायचं राहिलं की सांगायचं नव्हतं? आणि तू त्यांना जाऊन नाही म्हणून आलीस. केलेली सगळी पावडर टाकून दिलीस. फक्त एक पिशवी ठेवलीस आणि रोज त्यातली चिमूट स्वतःच्या तळहातावर घेऊन बसतेस, मूठ बंद करतेस, दहा मोजतेस, पुन्हा धुतेस, पुन्हा घेतेस. पोरगी म्हणली, पप्पा, मम्मीचा हात सालपटून निघालाय, तिला थांबवा. तिला काही सापडत नाही आणि ती थांबत नाही.

थांब. तुला थांब म्हणून सांगतोय.

बालाजी सर तो नमुन्याचा डबा मागून राहिले, असं लुंबिनी म्हणली. क्लासच्या प्रयोगशाळेत तपासून देतो म्हणतात. डबा नाही. त्याच दिवशी मी नाल्यात फेकला. त्यांना सांग, डबा नाही.

शांतम्माचा हात हळूहळू भरून येतोय. तुझी माफी अजून सांगितली नाही. सांगतो.

तू घरी येणार ना आता? लुंबिनी म्हणली, दिवाळीनंतर मम्मी बघू म्हणली. मला आनंद व्हायला पाहिजे. झालाही पहिल्या दिवशी. घर झाडून काढलं, सोड्याचं पोतं मोरीपासून उचलून लाकडी पाटावर ठेवलं.

आनंदराज


नांदेड, २८ ऑक्टोबर

दिपाली,
सप्रेम जयभीम.

हे शेवटचं पत्र समज. पुढचं लिहायचं की नाही ते तू ठरव.

परवा लुंबिनीचा फोन आला होता. चोरून, क्लासच्या जिन्यातून. म्हणली, सर मम्मीकडं आले होते. म्हणले, वहिनी, सोड्यानं माणसाचा हात असा पोळत नाही, लाल होईल, चुरचुरेल, पण कातडी निघायची नाही. ही कॉस्टिकची लक्षणं आहेत. तुंबलेल्या मोरीत टाकतात ते. तुमच्या पावडरीत कॉस्टिक नाही, मी बघितलंय, म्हणजे नांदेडला कुणीतरी घातलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. पण तुला कळलं ते कुणाला म्हणून राहिले.

आणि तू काय म्हणलीस तेही पोरीनं सांगितलं. तू म्हणलीस, "सर, माझा नवरा भांडखोर आहे, संशयी आहे, पण तो खोटं बोलत नाही. पुन्हा असं बोलायचं असेल तर आमच्या दारात येऊ नका."

पोरगी हे मला अभिमानानं सांगून राहिली होती. पप्पा, मम्मीनं सरांना घालवून दिलं. गेले दोन महिने मी दुसरं काय मागत होतो? मला ते मिळालं.

काल विहारात वंदना होती. म्हातारे गुरुजी आजारी, म्हणून पंचशील मला सांगायला लावलं. तीन शील म्हणलो. चौथं खोटं न बोलण्याचं. मुसावादा, एवढा शब्द म्हणलो आणि थांबलो. मागं पन्नास माणसं माझ्यामागून म्हणायला थांबलेली. खोकल्याचं सोंग केलं. कुणीतरी पाणी आणून दिलं. पुढचं दुसऱ्या कुणी म्हणलं.

तर ऐक.

कॉस्टिक मी घातलं. लातूरहून परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात. वजिराबादच्या दुकानातून आणलं, पांढरे पातळ तुकडे असतात. दुकानदार म्हणला, मोरी तुंबली काय? मी म्हणलं, हाव. नायगावच्या बाजाराच्या दिवशी सकाळी तोंडाला गमजा बांधून कुटलं आणि दोन मुठी त्या डब्यात मिसळल्या, तुझ्या पावडरीत. विकायच्या पुड्यांत नाही घातलं. तेवढा मी वेडा नव्हतो. फक्त दाखवायच्या डब्यात. तुझ्या पावडरीला पाचाला गरम लागतं ना, माझ्या डब्याला दोनालाच लागलं पाहिजे. त्या दिवशी मी बाजारात काय ओरडत होतो ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी ओरडत होतो, या, आज माझ्या हातची पावडर आहे, वहिनीच्या हातची विसरा, आज माझा हात बघा.

शांतम्मा त्यामुळंच पुढं आली. ती म्हणली, एवढं म्हणतोस तर बघू तुझा हात. मी तिच्या तळहातावर चिमूट टाकली, पाणी टाकलं. तिला लागलीच गरम लागलं असणार. कॉस्टिक पाण्यात पडलं की सोड्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, आणि वर कातडीचं तेल खाऊन त्याचा साबण करतं, म्हणून हात आधी बुळबुळतो आणि लागतं ते उशिरा कळतं. हे मला आता कळलं, लुंबिनीच्या पुस्तकातून, ती इथंच ठेवून गेली ते नववीचं. त्या दिवशी मी तिच्या तोंडाकडं बघत होतो आणि मोठ्यानं मोजत होतो. चारला तिचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं, जमलं. सहाला ती म्हणली, तम्मा. मी म्हणलं, दहा होऊ दे. मीच म्हणलं, दिपाली. दहा होऊ दे.

ओरडली तेव्हा मी आणखी घाण केली. पेल्यातलं घोटभर पाणी तिच्या हातावर टाकलं, वाटलं निवेल. उरलेलं कॉस्टिक त्या पाण्यानं आणखी तापलं. पाणी भरपूर लागतं, नळाखाली, नाहीतर थेंबानं उलट होतं. ते डॉक्टरनं सांगितलं.

आणि मग बायांनी विचारलं, काय घातलं रे यात? तेव्हा मी डबा वर केला, तुझं नाव सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणलं, लातूरहून आलेला माल आहे, मला काय माहीत. गरम लागत होतं तोवर माझा हात, आणि पोळल्यावर तुझा. एवढ्या लवकर माणूस बदलतो हे मला माहीत नव्हतं. मी घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं. 'मी त्याला हातसुद्धा लावला नाही' असं लिहिताना मला माहीत होतं मी काय लिहून राहिलो. तेव्हा मला वाटलं, बरंच झालं, आता तरी घरी येईल.

आज सकाळी शांतम्माकडं गेलो. ती लेकीकडं असते, नायगावातच. पट्टी निघाली आहे, पण बोटं पुरती मिटत नाहीत. डाव्या हातानं मांडीवर वाती वळायला बघून राहिली, वेड्यावाकड्या होतात. मी तिला सगळं सांगितलं. उभ्यानं सांगितलं, बसलो नाही. मला वाटलं शिव्या देईल, लेकीला हाक मारेल, पोलिसात जाईन म्हणेल. ती म्हणली, "तम्मा, मला चारालाच पोळलं होतं. मी मूठ उघडली न्हाई. तू मोजून राहिला होतास ना."

मी तिचे पाय धरले. तिनं पाय मागं घेतले. मग म्हणली, "माझं र्‍हाऊ दे. तिचं नाव कामून घेतलंस?"

मी खाली पडलेल्या वाती गोळा करायला लागलो. तुझ्यापुढं दुसरा कुणी हात करतो म्हणून घेतलं, असं म्हाताऱ्या बाईला कसं सांगायचं. तुलाच सांगतो.

तिथून बाजारात गेलो. बाजाराचा दिवस नव्हता, पण कायमची दुकानं असतात, चहावाला, चपलांचा, भाजीवाल्या दोघीतिघी. त्यांना सांगितलं. चहावाला म्हणला, आनंदराज, तुला काय झालं? मी म्हणलं, मला काही झालं नाही, दिपालीच्या पावडरीला काही झालं नव्हतं, घाण मी घातली होती, सगळ्यांना सांगा. बाजाराच्या दिवशी पुन्हा जाऊन सांगणार आहे. शांतम्माची जागा महिनाभर रिकामी राहू नये म्हणून तिच्या लेकीनं वळलेल्या वाती मी माझ्या चादरीवर विकतो असं तिला निघताना म्हणलो होतो. ती विचार करून सांगते म्हणली. नाही म्हणली तरी तिचा हक्क आहे.

आता तुझं.

मी डबा नाल्यात फेकला नव्हता. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून माळ्यावर ठेवला होता. आज एसटीनं पाठवून राहिलो, बालाजी सरांच्या नावानं, तुझ्या नाही. त्यांना घरात बोलाव आणि माफी माग. तू त्यांना माझ्यासाठी हाकललंस आणि ते खरं बोलत होते. डबा त्यांना तपासू दे, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात कागद लिहून दे म्हणावं की मूळ पावडरीत काही नव्हतं, वरून कॉस्टिक घातलं. तो माणूस मला अजून आवडत नाही. त्याचा हात तुझ्यासमोर यावा असं मला आजही वाटत नाही, उद्याही वाटणार नाही. ते माझं मी बघून घेईन.

आणि तू हात धू. रोज चिमूट घेऊन बसायचं बंद कर. तुझ्या हातून काही चुकलं नाही. तू सोडा नीट भाजलास, नीट मोजलास, नीट मिसळलास, अगदी पहिल्यापासून. सात वर्षांत हे मी एकदाही म्हणलो नाही, म्हणून तुला खरं वाटलं की तुझा हात चुकला असेल.

शिवकांता मॅडमना उद्याच भेट. ऐंशी किलोचं काम दुसऱ्या कुणाला दिलं असेल तर ही माझी सगळी पत्रं त्यांच्यापुढं ठेव. सगळी. लाडू मी एकट्यानं खाल्ले तेही, झेरॉक्सच्या दुकानाआड उभा राहिलो तेही. वाचून हसल्या तर हसू दे. हे पान सगळ्यात वर ठेव. तू घरी ये असं या पत्रात मी कुठंही लिहिलेलं नाही, नीट बघ.

मॅडमना कुणाला जाब विचारायचा असेल तर माणूस सापडावा, म्हणून खाली पूर्ण नाव लिहितो. आतापर्यंत पुड्यावर फक्त तुझंच होतं.

आनंदराज ग्यानोबा गजभारे